सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश किती अवघड, हे कसे जोखावे

सार्वजनिक धोरण या विषयात परदेशात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अमुक संस्थेत प्रवेश मिळणे किती अवघड आहे? या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नाही, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत कायदा शिकवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांना तिथल्या वकील संघटनेच्या नियमानुसार किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश देऊ केला आणि त्यांचे गुण काय होते, हे दरवर्षी जाहीर करावे लागते. धोरण शिकवणाऱ्या संस्थांवर असे बंधन नाही. ‘कॉमन डेटा सेट’ या नावाने विद्यापीठे जी माहिती प्रसिद्ध करतात, तिच्यातील प्रवेशाचे आकडे पदवीपूर्व अभ्यासक्रमांचे असतात. त्यामुळे हार्वर्ड किंवा शिकागो विद्यापीठाचा म्हणून जो चार-पाच टक्क्यांचा आकडा सांगितला जातो, त्याचा तिथल्या धोरण-अभ्यासक्रमाच्या प्रवेशाशी काडीचाही संबंध नसतो.

हा अंदाज अर्जदारालाच बांधावा लागतो. तो कसा बांधायचा याची पद्धत पुढे दिली आहे. माझे स्वतःचे मत आधीच मांडतो, कारण लेखाचा सारा भर त्यावर आहे. या क्षेत्रातील बहुतेक मोठ्या संस्थांमध्ये नुसता प्रवेश मिळणे लोक समजतात तितके अवघड नसते; खरी चुरस असते ती शुल्कमाफीसह प्रवेशासाठी. ज्याच्या घरी पन्नास-साठ लाखांचा खर्च सहज उचलला जाणार नाही, अशा विद्यार्थ्याने दुसरी चुरस मोजायला हवी. पहिलीचे आकडे तेवढ्यापुरतेच पाहावेत.

विद्यापीठ नव्हे, अभ्यासक्रम धरून चालावे

एकाच छपराखाली चार वेगळ्या पदव्या असतात आणि प्रत्येकीचे दार वेगळ्या रुंदीचे असते. हार्वर्डच्या केनेडी स्कूलचे उदाहरण घेऊ. तिथे दोन वर्षांचा एमपीपी (मास्टर इन पब्लिक पॉलिसी) आहे, ज्याची तुकडी दोनशेच्या आसपास असते. आंतरराष्ट्रीय विकासावर भर देणारा एमपीए-आयडी (एमपीए म्हणजे मास्टर इन पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन) आहे, ज्याची तुकडी बरीच लहान असते आणि ज्यासाठी सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्राबरोबर बहुचल कलनशास्त्र (मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस) महाविद्यालयीन पातळीवर शिकलेले असणे आवश्यक असते. शिवाय किमान सात वर्षांचा कामाचा अनुभव असलेल्यांसाठी एक वर्षाचा मिड-करिअर एमपीए आहे. या तिन्हींसाठी अर्ज करणारी माणसेच वेगळी असतात. ‘केनेडी स्कूलला इतके टक्के प्रवेश’ असा एकत्रित आकडा कुठे दिसला, तर त्यावरून तिघांपैकी कोणाबद्दलही काही कळत नाही.

प्रिन्स्टनमध्येही दोन वर्षांचा एमपीए नवख्या आणि मध्यम अनुभवाच्या लोकांसाठी आहे, तर एक वर्षाचा एमपीपी किमान सात वर्षे काम केलेल्यांसाठी. इथे तर केनेडी स्कूलच्या उलट एमपीपी ही अनुभवी लोकांची पदवी ठरते, त्यामुळे नुसते पदवीचे नाव पाहून तुलना करणारा फसतो. म्हणून पहिली पायरी अशी: कोऱ्या कागदावर संस्थेचे नाव न लिहिता पदवीचे पूर्ण नाव, कालावधी, अपेक्षित अनुभव आणि तुकडीचा आकार लिहावा. दोन पदव्यांची तुलना करण्यापूर्वी या चार गोष्टी जुळतात का, ते पाहावे.

तीन आकडे, आणि ते कुठे शोधायचे

मूळ आकडे तीनच आहेत: पूर्ण भरलेले अर्ज किती आले, प्रवेश किती जणांना देऊ केला, आणि त्यांपैकी प्रत्यक्ष रुजू किती झाले. दुसऱ्याला पहिल्याने भागले की प्रवेश-दर निघतो. तिसऱ्याला दुसऱ्याने भागले की रुजू होण्याचे प्रमाण निघते, आणि माझ्या मते हे प्रमाण प्रवेश-दराइतकेच बोलके आहे, कारण हातात पर्याय असलेल्या उमेदवारांनी त्या संस्थेला किती पसंती दिली, हे त्यातून कळते.

तिसरा आकडा मिळवणे सर्वांत सोपे, कारण बहुतेक संस्था नव्या तुकडीचा परिचय संकेतस्थळावर देतात आणि त्यात विद्यार्थिसंख्या असते. पहिले दोन आकडे काही संस्था माहितीसत्रात सांगतात, काही विचारल्यावर सांगतात, काही मुळीच सांगत नाहीत. ब्रिटनमध्ये स्थिती बरी आहे. ऑक्सफर्ड आपल्या प्रत्येक पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पानावर गेल्या तीन वर्षांतील अर्जांची सरासरी आणि जागांची संख्या देते, आणि ब्लावात्निक स्कूल ऑफ गव्हर्नमेंटचा एक वर्षाचा एमपीपीही याला अपवाद नाही. मात्र तिथे एक खाचखळगा आहे. दिलेला आकडा जागांचा असतो, देऊ केलेल्या प्रवेशांचा नव्हे. अर्ज आणि जागा यांचे गुणोत्तर काढून त्याला प्रवेश-दर म्हटले, तर अभ्यासक्रम आहे त्यापेक्षा अवघड भासतो, कारण देऊ केलेले प्रवेश जागांपेक्षा नेहमीच जास्त असतात.

प्रवेश कार्यालयाला ई-मेल करायला संकोच वाटण्याचे कारण नाही, पण प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघमच येते. ‘तुमच्याकडे स्पर्धा किती असते?’ असे विचारल्यास ‘आम्ही प्रत्येक अर्जाचा समग्र विचार करतो’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी असे विचारावे: ‘गेल्या दोन वर्षांत एमपीपीसाठी पूर्ण झालेले किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश देऊ केला व किती रुजू झाले? रुजू झालेल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना निम्म्याहून अधिक शुल्कमाफी होती?’ या चारांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरी काम भागते. शेवटच्या प्रश्नाला संस्था स्पष्ट उत्तर देते की टाळते, यावरूनही बरेच कळते.

आकडे हाती आले की ते किती डळमळीत असतात, हेही ओळखावे. समजा, एका अभ्यासक्रमाला दरवर्षी १,००० अर्ज येतात आणि त्याला ७० विद्यार्थी हवे आहेत. बोलावलेल्यांपैकी ६० टक्के रुजू होतात असा अनुभव असेल, तर संस्था सुमारे ११७ जणांना प्रवेश देऊ करील आणि प्रवेश-दर १२ टक्क्यांच्या थोडा खाली राहील. पुढच्या वर्षी शेजारच्या विद्यापीठाने शिष्यवृत्त्या वाढवल्या आणि रुजू होणारे ५० टक्क्यांवर आले, तर त्याच ७० जागा भरायला १४० जणांना बोलवावे लागेल, म्हणजे दर १४ टक्के होईल. निवडीचा कस तोच, अर्जदार तेच, तरी आकडा दोन टक्क्यांहून अधिक हलला. लहान तुकड्यांच्या अभ्यासक्रमांत म्हणूनच एका वर्षाच्या दरावर विसंबू नये. १२ आणि १४ मधला फरक फरक मानू नये, १५ आणि ४० मधला मानावा.

अर्ज कोण करतात, हे पाहिल्याशिवाय दर वाचू नये

प्रवेश-दर जितका संस्थेबद्दल सांगतो तितकाच तो अर्जदारांबद्दल सांगतो, आणि बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. ज्या अभ्यासक्रमाला बहुचल कलनशास्त्राची अट आहे, तिथे अट न बसणारे आपण होऊनच बाजूला होतात. उरलेल्या अर्जदारांपैकी बरेच जण अर्थशास्त्र, अभियांत्रिकी किंवा संख्याशास्त्राचे असतात, अनेकांनी अर्थमंत्रालयात, मध्यवर्ती बँकेत किंवा विकास संस्थांत काम केलेले असते. अशा गटातून २० टक्के घेतले, तर तो दर एखाद्या बिनअटीच्या अभ्यासक्रमाच्या १५ टक्क्यांपेक्षा कडक ठरू शकतो. नामांकित विद्यापीठाच्या केवळ नावापायी अर्ज करणाऱ्यांची संख्या मोठी असेल, तर दर खाली जातो, पण तयारीने आलेल्या उमेदवारासाठी दार तितके अरुंद नसते.

म्हणून पूर्वअटी बारकाईने वाचाव्यात. गणित आणि अर्थशास्त्राची मागणी किती आहे, लेखनाचा नमुना म्हणून काय मागितले आहे, अनुभवाची अट सक्तीची आहे की ‘अपेक्षित’ आहे, हे पाहावे. प्रिन्स्टनच्या अर्जात नेहमीच्या निवेदनांखेरीज धोरणविषयक टिपण लिहून द्यावे लागते. एखाद्या खऱ्या प्रश्नावर निर्णय घेणाऱ्यासाठी चार-पाच पानांत मुद्देसूद शिफारस लिहिणे ज्यांना जमत नाही, ते तिथेच गळतात, आणि गळालेल्यांची नोंद कोणत्याही दरात होत नाही.

तुकडीचा परिचय वाचताना

संस्था तुकडीचे सरासरी वय, अनुभवाची वर्षे, परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण, जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण आणि पदवीचे जीपीए (अमेरिकेत चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) देते. यांतील प्रत्येक आकड्यामागे कोण मोजले गेले आणि कोण नाही, ते विचारावे.

जीआरई ऐच्छिक असेल, तर गुण फक्त चांगले गुण मिळवणारेच पाठवतात आणि सरासरी फुगते. अशा ठिकाणी १६५ ही गणिताची सरासरी पाहून १६० वाल्याने खचण्याचे कारण नाही. दुसरीकडे, भारतातून अर्ज करणाऱ्यांमध्ये अभियंत्यांचा भरणा मोठा असतो आणि त्यांच्या गणिताच्या गुणांची संस्थांना सवय झालेली असते. त्यामुळे सरासरीइतके गुण असणे आपल्याकडच्या अर्जदाराला वेगळे काढत नाही. इंग्रजी लेखन आणि विश्लेषणाचे गुण मात्र उठून दिसू शकतात.

जीपीएबाबत तर मोठा गैरसमज आहे. मुंबई किंवा पुणे विद्यापीठात कलाशाखेला ६२ टक्के मिळवणारा विद्यार्थी प्रथम श्रेणीत असतो, पण कोणी त्या ६२ ला २५ ने भागून २.४८ असा आकडा काढला, तर तो अमेरिकन मोजणीत अगदीच सुमार दिसतो. हा भागाकार चुकीचा आहे आणि आपण होऊन तो करू नये. अनेक संस्था गुण मूळ पद्धतीतच भरायला सांगतात, आणि भारतीय गुणपत्रिका वाचण्याची त्यांना सवय असते. आपले विद्यापीठ, शाखा आणि त्या वर्षी श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण यांची माहिती शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी एका वाक्यात दिली, तर त्याचा उपयोग होतो. तुकडीच्या परिचयातील जीपीएची सरासरी मात्र बहुतांशी अमेरिकी पदवीधरांची असते, तिच्याशी आपली तुलना करण्यात अर्थ नाही.

सर्वांत उपयोगी माहिती गुणांची नसून माणसांची असते. संस्थेच्या संकेतस्थळावर सध्याच्या विद्यार्थ्यांचे परिचय असतात, आणि लिंक्डइनवर अलीकडच्या दोन-तीन तुकड्यांतील भारतीय पदवीधर शोधता येतात. त्यांनी आधी कुठे आणि किती वर्षे काम केले होते, ते लिहून काढावे. महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप, संसद सदस्यांसोबत काम करण्याची लॅम्प फेलोशिप, एखाद्या जिल्हा प्रशासनातील किंवा स्वयंसेवी संस्थेतील काम असा ज्यांचा प्रवास दिसतो, त्यांच्याशी आपल्या अनुभवाची तुलना करावी. पंधरा-वीस जणांचे असे टिपण सरासरीच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा खरे चित्र देते, आणि त्यांपैकी एक-दोघांना नम्रपणे लिहिले तर बहुतेक वेळा उत्तर येते, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

क्रमवारी काय मोजते

‘यूएस न्यूज’ या अमेरिकी प्रकाशनाची सार्वजनिक कारभार आणि धोरण या विषयाची क्रमवारी सर्वांत जास्त उद्धृत केली जाते. ती केवळ एका सर्वेक्षणावर आधारलेली असते. त्यात अधिष्ठाते, संचालक आणि विभागप्रमुख इतर संस्थांना १ ते ५ या मापात गुण देतात. प्रवेश-दर, गुण, नोकऱ्या, शुल्क यांपैकी काहीही तिच्या हिशेबात नसते. सिराक्यूज विद्यापीठाचे १९२४ मध्ये स्थापन झालेले मॅक्सवेल स्कूल आणि इंडियाना विद्यापीठाचे ओनील स्कूल या क्रमवारीत अगदी वर असतात. ते त्यांना त्या क्षेत्रातील विद्वानांच्या आदरामुळे मिळालेले स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यावरून तिथे प्रवेश हार्वर्ड-प्रिन्स्टनइतका कठीण असेल, असे अनुमान काढता येत नाही. चांगले शिकवणारी आणि तुलनेने खुल्या मनाने प्रवेश देणारी संस्था असू शकते, आणि आपल्यासारख्या अर्जदाराने तीच शोधायची असते.

मान्यतेचेही तसेच आहे. ‘नास्पा’ ही संस्था या क्षेत्रातील अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिची मान्यता अभ्यासक्रमाच्या दर्जाची किमान हमी असते, निवडीच्या कसाची नव्हे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी ती घेतलेलीच नाही. मात्र मान्यता घेतलेल्या अभ्यासक्रमांना पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण आणि त्यांना मिळालेल्या कामांची माहिती जाहीर करावी लागते, ती जरूर वाचावी.

महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी क्रमवारीचा आणखी एक पैलू आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाचे क्यूएस जागतिक क्रमवारीतील स्थान पाहिले जाते, विषयातील नव्हे. धोरणाच्या विषयात अमेरिकेत आघाडीवर असलेले सिराक्यूज एकंदर जागतिक क्रमवारीत बरेच खाली असते. म्हणजे विषयातली सर्वोत्तम संस्था शासनाच्या यादीत न बसण्याचा प्रसंग येऊ शकतो. ज्यांचा भरवसा अशा शिष्यवृत्तीवर आहे, त्यांनी त्या वर्षीची जाहिरात वाचूनच संस्थांची यादी करावी. नियम बदलत असतात, आणि मागच्या वर्षी कोणाला मिळाली यावर विसंबणे धोक्याचे आहे.

शुल्कमाफीसह प्रवेश-दर

आता मुख्य मुद्दा. एक काल्पनिक, पण वास्तवाशी सुसंगत हिशेब मांडतो. एका मोठ्या संस्थेकडे ९०० अर्ज येतात, ती ३६० जणांना प्रवेश देऊ करते. दर झाला ४० टक्के, आणि कोणीही म्हणेल की इथे प्रवेश सोपा आहे. त्या ३६० पैकी ३० जणांना पूर्ण शुल्कमाफी मिळते. म्हणजे शुल्कमाफीसह प्रवेशाचा दर झाला ३.३ टक्के. त्या तिसांतील काही शिष्यवृत्त्या फक्त अमेरिकी नागरिकांसाठी असतील, तर परदेशी अर्जदारासाठी तो आणखी खाली जातो. ज्याला कर्ज परवडणार नाही, त्याच्यासाठी ही संस्था ४० टक्क्यांची नसून ३ टक्क्यांची आहे.

याच्या उलट टोकाला प्रिन्स्टन आहे. तिथल्या एमपीएच्या तुकडीत जेमतेम साठ-सत्तर विद्यार्थी असतात, आणि प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाचे शिक्षणशुल्क संस्था भरते, नागरिकत्व कोणतेही असो. १९६१ मध्ये चार्ल्स आणि मारी रॉबर्टसन या दांपत्याने दिलेल्या साडेतीन कोटी डॉलरच्या देणगीने या परंपरेला बळ दिले. पुढे त्या देणगीच्या वापरावरून रॉबर्टसन कुटुंबाने २००२ मध्ये विद्यापीठावर दावाही लावला, जो २००८ मध्ये तडजोडीने मिटला. अर्जदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की प्रिन्स्टनमध्ये प्रवेशाची चुरस आणि शुल्कमाफीची चुरस ही एकच असते. तिचा दर कितीही भीतिदायक दिसला, तरी वरच्या काल्पनिक संस्थेच्या ३.३ टक्क्यांशी त्याची तुलना केल्यावर तो तितका भीतिदायक राहत नाही. मर्यादित साधनांच्या पण चांगल्या तयारीच्या विद्यार्थ्याने ‘प्रिन्स्टन आपल्यासाठी नाही’ असे म्हणून अर्जच न करणे, हे मला फार खटकते.

संस्थेबाहेरच्या शिष्यवृत्त्यांचाही हिशेब वेगळा मांडावा. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, ब्रिटनसाठी चेव्हनिंग, जे. एन. टाटा एंडाउमेंटची १८९२ पासून चालत आलेली कर्ज-शिष्यवृत्ती, यांच्या मुदती अभ्यासक्रमांच्या मुदतींच्या आधी येऊ शकतात आणि अटीही स्वतंत्र असतात. चेव्हनिंगला पदवीनंतरचा २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. अशी शिष्यवृत्ती हाती असलेल्या अर्जदारासाठी वरचा ४० टक्क्यांचा दर पुन्हा खरा ठरतो.

जुने आकडे किती जुने

२०२५ नंतर अमेरिकेतील या क्षेत्राचे चित्र बदलले आहे. त्या वर्षी यूएसएआयडी ही विकास संस्था गुंडाळली गेली, केंद्र सरकारची नोकरभरती रोखली गेली आणि पदव्युत्तर पदवीधरांना केंद्रीय सेवेत आणणारी, १९७७ पासूनची प्रेसिडेन्शियल मॅनेजमेंट फेलोज ही योजना बंद करण्याचा आदेश निघाला. त्याच उन्हाळ्यात नव्या विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे थांबवले गेले. या सगळ्याचा परिणाम अर्जांच्या संख्येवर आणि रुजू होणाऱ्यांच्या प्रमाणावर होतो. परदेशी विद्यार्थी येतील की नाही याची खात्री नसलेली संस्था जास्त जणांना प्रवेश देऊ करील, पण शिष्यवृत्तीचा निधी आखडता घेईल, अशी शक्यता धरून चालावे. म्हणून २०२३ किंवा २०२४ चे दर केवळ दिशादर्शक मानावेत, आणि कागदावर प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहायला विसरू नये.

यादी करताना

शेवटी प्रत्येक अभ्यासक्रमापुढे दोन शेरे लिहावेत: प्रवेशाची शक्यता आणि पैशांसह प्रवेशाची शक्यता. ‘चांगली’, ‘मध्यम’, ‘कमी’ एवढे शब्द पुरतात. जिथे पहिला शेरा चांगला आणि दुसरा कमी, तिथे अर्ज करण्यापूर्वी घरात कर्जाबद्दल बोलून घ्यावे, प्रवेशपत्र आल्यावर नव्हे. सात-आठ अर्जांपैकी किमान दोन असे असावेत, जिथे दुसरा शेरा मध्यम तरी आहे. त्यांत भारतातील एक-दोन पर्यायही धरावेत. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचा एमपीपी आणि पवईच्या आयआयटी मुंबईतील धोरण अभ्यास केंद्र यांचा खर्च परदेशाच्या तुलनेत फारच कमी आहे, आणि तिथली निवडही कडक आहे.

अनेक संस्था अर्जांच्या फेऱ्या ठेवतात आणि शिष्यवृत्तीचा विचार पहिल्या फेऱ्यांतच करतात, तेव्हा शेवटच्या मुदतीला अर्ज करणे म्हणजे दुसरा शेरा स्वतःच्या हाताने खाली आणणे होय. प्रवेशपत्रे आल्यावरही काम संपत नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे, निदान शिष्यवृत्तीसह दिलेल्या प्रवेशासाठी, १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा देतात. पण हा संकेत सर्व व्यावसायिक पदव्यांना लागू नसतो, म्हणून पत्रातील तारीखच प्रमाण मानावी. त्याच तोडीच्या दुसऱ्या संस्थेने अधिक शुल्कमाफी दिली असेल, तर तिचे पत्र जोडून, रक्कम नमूद करून आणि तक्रारीचा सूर न लावता पहिल्या संस्थेला फेरविचाराची विनंती करता येते. ही विनंती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोहोचेल असे पाहावे, कारण इतरांनी नाकारलेल्या शिष्यवृत्त्यांचे पैसे त्याच सुमारास मोकळे होऊ लागतात.